सामवोलची दोन पोरं

माझ्या आईने, सामवोलने, जन्मात एकाही जिवंत माणसाला चांगलं म्हटलं नाही. शेजारणीचं नवं बाळ बघायला गेली, की दारातूनच ओरडायची, "शी! काय हे ध्यान! कुत्रंसुद्धा हुंगणार नाही याला!" शेजारीण खूश व्हायची आणि आईला वाटीभर राळ्याचा भात वाढायची.

आमच्या सोलगोल गावात तीच रीत. बाळाचं कौतुक केलं की भुतं कान टवकारतात. म्हणून पोराला वाईटसाईट बोलायचं आणि त्याचं नाव असं ठेवायचं, की भुताने नाक दाबून पुढच्या गावाला जावं. आईने पहिल्या मुलीच्या वेळी हे ऐकलं नाही. तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि हौशी होती. मुलीचं नाव ठेवलं पाचू. पाचू दात यायच्या आधीच गेली. त्याच सुमारास नदीवरच्या नावाड्याची बायको बाळंतपणात मेली आणि तिचा मुलगा मागे राहिला. आईची छाती दुधाने भरलेली आणि घर रिकामं. तिने ते पोर उचलून आणलं, अंगावर पाजलं आणि नाव ठेवलं केत्तोंग, म्हणजे कुत्र्याची घाण. पोर असं फोफावलं, की चालता यायच्या आधीच शेजाऱ्यांच्या पोरांना लोळवायला लागलं. आईची खात्री पटली.

मी त्यानंतर वीसेक वर्षांनी झालो. तोवर आई या विद्येत पक्की झाली होती. माझं नाव सोत्तोंग, म्हणजे शेण.

आईचा धंदा ज्यांगचा. सोयाबीन शिजवायचं, कुटायचं, ठोकळे करून आढ्याला टांगायचे आणि बुरशी धरली की मिठाच्या पाण्यात घालून रांजणात मुरवायचे. त्याचीच ती घट्ट, खारट ज्यांग. ठोकळे टांगलेल्या घरात परका माणूस टिकत नाही. आम्हाला वास येत नसे, कारण तो आमच्याच अंगाला होता.

केत्तोंग मिसरूड फुटल्यावर सैन्यात गेला. ज्या वर्षी शिपायांनी राजधानीतल्या लेखणीवाल्या साहेबांना कापून काढलं, त्या वर्षी तो नायक झाला. मग एका सेनापतीने दुसऱ्याला मारलं, त्याला तिसऱ्याने मारलं, आणि तिसरा पायऱ्या उतरत होता तेव्हा त्याच्या मागे उभा होता आमचा केत्तोंग. आता तो महासेनापती प्यो चन-उंग, राज्याचा आधारस्तंभ. राजा होता, पण तो सेनापतीला विचारल्याशिवाय शिंकतही नसे. प्योने पंडित बसवून आपल्या घराण्याचा इतिहास लिहून घेतला. त्यात त्याचा पणजोबा नागराजाचा जावई निघाला. नावाडी कुठेच नव्हता, नदी तेवढी ठेवली होती. सोलगोलात सगळ्यांना खरं ठाऊक होतं, पण जीव कुणाला नकोय? सगळे गप्प होते.

मी उंच निघालो हे माझं दुर्दैव. भरतीवाले गावात आले, त्यांनी मला भिंतीला उभं करून काठीने मापलं आणि थेट महासेनापतीच्या हवेलीच्या दारावर पहाऱ्याला लावलं. आमच्या काळात ही नोकरी कशी होती ते सांगतो. सेनापती बदलायचा झाला, की नवा येणारा आधी दारावरचे पहारेकरी कापायचा आणि मग आत जायचा. माझ्या आधीच्या पहारेकऱ्याचे जोडे अजून देवडीत पडले होते. मला ते बरोबर बसले.

हे आईच्या कानावर गेलं, तेव्हा तिने हातातलं मुसळ खाली ठेवलं. "एक पाचू गेली," ती म्हणाली. "हे शेण मी कुणाला देणार नाही." आणि ज्यांगचा रांजण डोक्यावर घेऊन ती राजधानीला निघाली.

ती आली तेव्हा महासेनापतींची पालखी बाहेर पडत होती. प्रत्येक दारात ललकारी देणारे भाट उभे होते आणि पोट दुखेपर्यंत ओरडत होते, "राज्याचा आधारस्तंभ, नागराजाच्या कुळाचे भूषण, महासेनापती प्यो चन-उंग येत आहेत!" रस्त्यावरची माणसं पालथी पडली होती. एकच बाई उभी होती.

"केत्तोंग! अरे ए केत्तोंग! इतकी माणसं पाळलीस आणि म्हातारीच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला एक नाही?"

मी आभाळाकडे बघायला लागलो. या बाईला मी ओळखत नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

"आणि तू रे सोत्तोंगा! खांब झालास का? रांजण धर!"

आमच्या पहाऱ्याचा नायक बोंग माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "ही बाई कोण?"

"ओळखत नाही, साहेब."

"मग तिचा रांजण तुझ्या हातात कसा?"

मी खाली बघितलं. रांजण खरंच माझ्या हातात होता. हातांनी मला विचारलंच नव्हतं.

बोंगने तलवारीच्या मुठीला हात घातला. तेवढ्यात पालखी थांबली, पडदा सरकला आणि महासेनापती बाहेर आले. अंगाने रेड्याएवढा माणूस. तो आईसमोर येऊन उभा राहिला. आता म्हातारीचं मुंडकं कुठल्या बाजूला पडतंय, एवढंच लोक बघत होते. त्याचे कान लालबुंद झाले आणि तो हलक्या आवाजात म्हणाला, "आई, लोक बघतायत."

"बघू देत की! काय अवतार करून घेतलायस? डोळे बघ, खोल गेलेत नुसते. आणि ही दाढी आहे का केरसुणी?"

"आत चल," तो म्हणाला. "आत जाऊन बोल."

रांजण माझ्याकडे होता, म्हणून मीही आत गेलो. दारं बंद झाल्यावर राज्याचा आधारस्तंभ जमिनीवर फतकल मारून बसला आणि त्याने आईला खरं सांगून टाकलं. त्याला झोप येत नव्हती. डोळा लागला, की ज्यांना ज्यांना मारलं ते सगळे यायचे.

"तिसरा सेनापती पायऱ्यांवर येऊन बसतो, आई. बोलत नाही. नुसता बसतो."

"काही उपाय केलास?"

"भिक्षू झाले, देवऋषीण झाली. तिने तर ढोल बडवून बडवून माझी होती तीही झोप घालवली."

"ते दारात काय बोंबलत होते रे मघाशी?"

"माझं नाव. बिरुदांसकट."

"सगळ्या दारांत? रोज?"

"मानच आहे तसा."

"मान गेला खड्ड्यात!" आई कडाडली. "घरदार सांगून, ओरडून भुतांना बोलावतोस, आणि ती आली की रडतोस? मी तुझं नाव कशासाठी ठेवलं होतं, गाढवा?"

मग तिने त्याचं डोकं मांडीवर ओढलं आणि कपाळावरून हात फिरवत त्याला शिव्या घालायला सुरुवात केली. नकट्या, घाणेरड्या, डुकराने सांडलेल्या, चुलीतल्या राखेच्या ढिगा. आवाज हळूहळू खाली येत गेला. महासेनापती भर दुपारी असा घोरायला लागला, की बाहेरच्या पहाऱ्याला वाटलं आत कुणी गळा दाबतंय.

तो उठला तेव्हा तोंडावर तजेला होता. आई म्हणाली, "झालं? आता माझा सोत्तोंग मला दे. मी जाते."

त्याने तिच्याकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. राज्य करणाऱ्या माणसाचा चेहरा कसा होतो ते मी तेव्हा पहिल्यांदा जवळून पाहिलं. "याला सोडलं तर तू जाशील," तो म्हणाला. "तू गेलीस तर माझी झोप जाईल. दोघंही इथेच राहा."

"अरे, उद्या तुला कुणी मारायला आलं तर आधी हा मरेल!"

"म्हणून तर तू मला नीट जपशील."

आईने पळी फेकून मारली. त्याने वेळेवर डोकं खाली घेतलं. ते तो लहानपणापासून शिकलेला होता. मला मात्र त्या दिवशी त्याचा मनापासून राग आला. दूध एकीचं प्यायलो, पण हा माणूस आईच्या मायेलाही पहाऱ्यावर उभं करत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हुकूम सुटला. प्रत्येक दारातल्या भाटाने फक्त एवढंच ओरडायचं, "केत्तोंग येत आहे!" मुख्य भाट आयुष्यभर बिरुदं गाऊन मोठा झालेला माणूस. त्याने ते म्हटलं आणि तो ओक्साबोक्शी रडला. पालथे पडलेले मंत्री हसावं की मरावं या विचारात तसेच पडून राहिले.

पण मंत्री तो मंत्रीच. आठवडा उलटायच्या आत खजिन्याच्या मंत्र्यांनी अर्ज केला, की आपल्यालाही यापुढे 'उंदराची लेंडी' म्हणावं. मग पूजाविधींच्या मंत्र्यांनी 'डुकराचं खरकटं' मागून घेतलं. मग रांगच लागली. कुणी किती घाण व्हायचं याची पायरी पंडितांनी ठरवून दिली. गाय, घोडा वरच्या दर्जाला, कोंबडी कारकुनांना. 'गावचा उकिरडा' या नावासाठी दोन म्हातारे दरबारी एकमेकांच्या टोप्या ओढायला लागले, तेव्हा सेनापतीने ते नाव वयाने मोठ्या असलेल्याला दिलं. धाकटा घरी जाऊन आजारी पडला.

दारावर उभं राहून मी हे रोज ऐकायचो.

"लेंडीसाहेब, आधी आपण."

"छे, छे! खरकटेसाहेब, आपला मान!"

माझाही भाव वधारला. नायक बोंग एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुमचं नाव जन्मापासूनच शेण? कुणाच्या शिफारशीशिवाय?" त्याच्या डोळ्यांत खरा हेवा होता. गावोगावी तर कहर झाला. निष्ठा दाखवायची म्हणून जो तो नव्या पोराचं नाव केत्तोंग ठेवायला लागला. मोठ्या बाप्यांनीही नावं बदलून घेतली. हवेलीतला आचारी केत्तोंग, माळी केत्तोंग, मोतद्दार केत्तोंग.

आणि सेनापती फुगला. त्याने ते नाव सोन्याच्या पत्र्यावर कोरून मोठ्या दारावर लावलं. आईने ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"सोन्यात? अरे मूर्खा, याची घाण कुठे उरली आता? मुकुट केलास तू त्याचा! भुतं काय आंधळी आहेत?"

तिचं खरं निघालं. सेनापतीची झोप पुन्हा उडाली. तिसरा सेनापती पुन्हा येऊन पायऱ्यांवर बसायला लागला.

सगळ्या दरबारात एकाच माणसाने घाण नाव घेतलं नव्हतं. तो म्हणजे उपसेनापती हान. सगळे हसायचे तेव्हा तो नखं कोरत बसायचा. आई केत्तोंगला म्हणाली, "त्या हानच्या वाऱ्यालाही उभा राहू नकोस." केत्तोंग म्हणाला, "तू ज्यांग बघ." थंडी पडली होती, सोयाबीन शिजवायचे दिवस होते. आई गावी जाऊ दे म्हणून हटून बसली, तेव्हा त्याने हवेलीच्या मागच्या अंगणातच तिला चुली मांडून दिल्या. ठोकळे टांगले गेले. सगळी हवेली वासाने भरली आणि लेंडीसाहेबांनी सुगंधाची तारीफ केली.

एका सकाळी नगारे वाजले, पण भलत्याच बाजूने. मी दारावर नव्हतो. ठोकळे उतरवायला आईने मला मागे बोलावून घेतलं होतं आणि नायक बोंग म्हणाला होता, "शेणसाहेब, खुशाल जा, मी उभा राहतो." बोंग दारावर होता. माणूस वाईट नव्हता. त्याचे जोडे पुढे कुणाला बसले कोण जाणे.

हानची माणसं आत घुसली होती. केत्तोंग मागच्या अंगणात धावत आला, अंगात रेशमी झगा, हातात तलवार, केस सुटलेले. मी आईचा हात धरला. "आई, चल. त्याला राहू दे. त्याच्यापायीच आपण इथे अडकलो."

"अंगावर पाजलंय मी त्याला," आई म्हणाली. "आता कुठे टाकू? तुझा जुना सदरा काढ."

झगा उतरवून तिने तो सदरा त्याच्या अंगात चढवला आणि ठोकळ्यांच्या दोऱ्या कापायच्या सुरीने त्याची दाढी छाटली. तलवार रांजणात बुडवली. त्याच्या पाठीवर ठोकळ्यांची चळत बांधली, माझ्या डोक्यावर दुसरा रांजण दिला, स्वतः पळी घेतली आणि आम्ही मागच्या दाराशी आलो.

तिथे हानच्या शिपायांनी मंत्री पकडून रांगेत उभे केले होते आणि प्रत्येक जण जिवाच्या आकांताने आपलं खरं नाव सांगत होता. "मी लेंडी नाही हो! मी थोर मिन घराण्याचा!" "खरकटं कोण? मी तर पहिल्यापासून विरोधात होतो!" एका शिपायाने आम्हाला अडवलं.

"ए म्हातारे, हे कोण?"

"माझी पोरं. हा केत्तोंग, तो सोत्तोंग."

शिपायाने तलवार उपसली. दुसरा कंटाळून म्हणाला, "राहू दे रे. सकाळपासून केत्तोंगच निघतायत. आचारी, माळी, तो घोड्यांचा. किती कापणार?"

पण पहिल्याचं समाधान होईना. ठोकळ्यांच्या ओझ्याखालीही आमचा केत्तोंग छाती काढून उभा होता. त्या माणसाला वाकायची सवयच उरली नव्हती. शिपाई जवळ आला. "मान वर कर बघू."

त्याच क्षणी आईने पळीचा एक सणसणीत फटका केत्तोंगच्या टाळक्यात हाणला.

"ताठ काय उभा राहतोस, मुडद्या! ठोकळे पाडशील ना! आळशी, नकटा, बापावर गेलेला! तुझ्यापेक्षा कुत्रं पाळलं असतं तर दार तरी राखलं असतं त्याने!" आणि दुसरा फटका.

मी त्याच्या हाताकडे बघत होतो. याहून कितीतरी कमी अपमानासाठी त्या हाताने माणसं मारली होती. मूठ वळली. आमच्या तिघांचे प्राण त्या मुठीत होते. मग ती हळूच उघडली. त्याने मान खाली घातली, खांदे पाडले आणि म्हणाला, "चुकलं, आई. परत नाही करणार."

शिपाई हसायला लागला. "पुरे, म्हातारे, मरेल तो! जा घेऊन, वास मारतोय नुसता."

सोलगोलला शोध घ्यायला माणसं एकदा आली. त्यांनी चौकात उभं राहून "केत्तोंग!" अशी हाक मारली, आणि निम्मं गाव "ओ" म्हणालं. ती परत गेली. पुढे ते नाव मागे पडलं, लोकांनी आपापली जुनी नावं परत घेतली. फक्त त्या वर्षी जन्मलेली पोरं तेवढी बिचारी तशीच राहिली. नाव पुन्हा घाण झालं. आई म्हणाली, आता कुठे ते परत कामाला लागलं.

राज्याचा आधारस्तंभ पुढची सगळी वर्षं आमच्या घरी सोयाबीन कुटत राहिला. कधी कधी म्हणायचा, "आज माझा हुकूम चालत असता तर..." आणि आई म्हणायची, "मुसळ उचल." माझा त्याच्यावरचा राग लवकर गेला नाही. तू मारलेल्या माणसांनाही आया होत्या, असं मी त्याला एकदा तोंडावर म्हणालो. तो बराच वेळ कुटत राहिला. मग म्हणाला, "म्हणूनच झोपायला भीती वाटायची." सोलगोलात मात्र तो गाढ झोपायचा. तिसरा सेनापती इथे कधी आला नाही. आमच्या घराला पायऱ्याच नाहीत.

तो आईच्या आधी गेला. म्हातारा होऊन, अंथरुणात, त्याच्या धंद्यातल्या माणसाला न शोभणारं मरण. आमच्यात माणूस गेला की घरच्या कुणीतरी त्याचा सदरा घेऊन छपरावर चढायचं आणि उत्तरेकडे तोंड करून तीनदा त्याच्या नावाने हाक मारायची, जीव परत येतो का बघायला. मी चढलो. कुठल्या नावाने हाक मारायची याचा विचार करावा लागला नाही.

"केत्तोंग! परत ये!"

तीन घरांतून आवाज आला, "ओ! आलो!" त्या वर्षी जन्मलेले ते बाप्ये, आता पोराबाळांचे बाप झालेले, हातातली कामं टाकून धावत आले. अंगणात रडायला जमलेल्या बायका हसून हसून वाकल्या. मी छपरावरून पडतापडता वाचलो. रडत होतो की हसत होतो, माझं मलाच कळत नव्हतं.

खाली उतरलो तर आई आत एकटीच त्याच्या उशाशी बसली होती. ऐंशी ओलांडलेली, हातांच्या नुसत्या काड्या. त्याची पांढरी दाढी ती बोटांनी विंचरत होती.

"किती देखणा रे माझा मुलगा," ती त्याला सांगत होती. "या नदीकाठी असं देखणं पोर कुणाला झालं नाही. किती गुणाचा. किती शहाणा."

मी दारातच थबकलो. अख्ख्या जन्मात मी तिच्या तोंडून असलं काही ऐकलं नव्हतं. आता भुतांनी ऐकलं तरी त्याचं काय वाकडं करणार होती ती? साठेक वर्षं साठवलेलं सगळं ती सावकाश, एकेक करून बोलत होती.

मग तिला माझी चाहूल लागली. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं, माझ्या पिकलेल्या केसांकडे, गुडघ्यावर धरलेल्या हाताकडे.

"तू काय बघतोस रे, शेणा?" ती खेकसली. "काय ते थोबाड! कुत्रंसुद्धा हुंगणार नाही!"

मला फार बरं वाटलं. मी बाहेर गेलो, रांजणांच्या मागे बसलो आणि पोटभर रडलो.